माईकवर सांगू नका

५ जानेवारी, रविवार. सांगली

पाय सुजलेत. सकाळपासून उभी आहे. पण आज लिहायचंच, कारण आजपासून मी ऑफिशियली कृष्णाकाठ फुटबॉल लीगची प्लेअर सेफ्टी ऑफिसर. सहा टीम, सगळे पगारी प्लेअर, यूट्यूबवर लाईव्ह. सातारा-सांगलीत असलं काही होईल असं फिजिओथेरपीच्या फर्स्ट इयरला मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

चेअरमन आप्पासोंची ट्रॅक्टरची एजन्सी आहे. फुटबॉल त्यांना फारसं कळत नाही, पण कुस्त्या आणि कबड्डी भरवून भरवून त्यांचा हात बसलाय. माझं प्रेझेंटेशन त्यांनी पहिल्या रांगेत बसून ऐकलं, निम्मं डोळे मिटून.

विषय कंकशन. डोकं जोरात आपटलं की मेंदू आत हलतो. बाहेरून काही दिसत नाही, टेंगूळ पण येत नाही कधीकधी. आणि तो बरा व्हायच्या आत परत आपटलं तर माणूस जाऊ पण शकतो. बाहेरच्या मोठ्या लीगमध्ये म्हणून अशा प्लेअरला काढतात, त्या दिवशी परत उतरवत नाहीत आणि टीमला एक जादा सब, म्हणजे बदली खेळाडू, देतात. मी म्हटलं, आपण पण तसंच करायचं. शिवाय एक पॉइंट माझा स्वतःचा, कुठल्याही पुस्तकात नसलेला: त्याला का काढलं ते माईकवर सांगायचं. एकदा सगळ्यांनी ऐकलं की कोच त्याला गुपचूप परत उतरवू शकणार नाही. हा पॉइंट मला फार आवडलाय.

आप्पासो म्हणाले, "जादा गडी मिळतोय न्हवं? मग हरकत काय. करा."

शेवटी मी प्रश्नांचं कार्ड वाटलं. डोक्याला लागलं की मी हेच विचारणार: हे ग्राउंड कुठलं, हाफ कुठला, शेवटचा गोल कुणी केला, मागची मॅच कुणाशी होती, जिंकलो का. गडबडला की बाहेर. "काही डाउट्स?" विचारलं तर पलूस टीमचा कॅप्टन धैर्यशील हात वर करून म्हणाला, "मॅडम, जेवाण कवा हाय?"

सगळे हसले. मी पण.

१२ जानेवारी, रविवार. सातारा

दोन मॅच, एक मुरगळलेला घोटा, एक फुटलेली भुवई. डोक्याचं काही नाही. उन्हात बसून बसून माझंच डोकं चढलं.

माईकवर बाळासो सर असतात. रिटायर्ड हेडमास्तर, तीस वर्षं कुस्त्यांच्या मैदानावर बोलतायत. आवाज असा की स्पीकर बंद पडला तरी चालेल. प्रत्येक पासला "वा रं पठ्ठ्या!" थ्रो-इन झाला तरी "वा रं पठ्ठ्या!" ऑफसाइड मी समजावून सांगितलं. म्हणाले, "बाळ, ते तू ठेव तुझ्यापाशी, पब्लिकला नको."

१९ जानेवारी, रविवार. सांगली

आज झालं! म्हणजे झालं ते वाईट, पण प्रोटोकॉल चालला.

पलूस विरुद्ध सांगली. धैर्यशील हेडर घ्यायला उडाला आणि समोरच्याचं कोपर त्याच्या कानशिलावर बसलं. उठला, पण आपल्याच गोलकडं तोंड करून उभा राहिला. मी आत पळाले. ग्राउंड कुठलं विचारलं तर म्हणाला, "पलूस." हाफ कुठला तर नुसता बघत राहिला. काढला त्याला. कोच जरा कुरकुरला, पण जादा सब मिळतोय म्हटल्यावर गप्प.

बाळासो सरांना मी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: मेंदूला धक्का बसल्यामुळे बाहेर. सरांनी ते त्यांच्या पद्धतीनं घेतलं. "परेक्षकहो, पलूसचा ढाण्या वाघ धैर्यशील... याच्या मेंदूला... ध-क्का बसलेला आहे! त्याला काही आठवत न्हाई! मैदान वळखंना, माणसं वळखंना!" अख्खं ग्राउंड शांत झालं. मग टाळ्या.

थोडं जास्त झालं, पण मेसेज पोचला ना. तीन आठवडे रेस्ट सांगितलीय. संध्याकाळी त्याला फोन केला, डोकं ठणकतंय म्हणाला, पण नीट बोलला. झोप म्हटलं. मला मात्र एक्साइटमेंटनं झोप येईना.

२३ जानेवारी, गुरुवार

लोणंदच्या आत्याचा फोन. माझं काम काय ते तिला अजून कळलेलं नाही, तिला वाटतं मी मालिश करते. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "आगं संयू, तुझ्या त्या फुटबॉलात पलूसच्या एका पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणं? माणसं वळखत न्हाई म्हणं आता. फोनवर फिरतंय सगळीकडं, मास्तर बोलतोय त्यात."

मी म्हटलं, "आत्या, तसं नसतं गं. दोन-तीन आठवड्यात बरा होतो."

"डोक्याचं कुठं बरं व्हतंय," म्हणाली. "आमच्या गल्लीतली पोरगी दिलीया त्येला. सुपारी फुटलीया."

मी तिला वीस मिनिटं समजावलं. अवेअरनेस किती कमी आहे आपल्याकडं! पुढच्या रविवारी एक बॅनर लावायला पाहिजे.

२७ जानेवारी, सोमवार

धैर्यशीलचं लग्न मोडलं.

तो स्वतःच रूमवर सांगायला आला. घरमालकीणबाई दारातच उभ्या, म्हणून आम्ही खाली रसाच्या गाड्यावर बसलो. रागावला असता तर बरं झालं असतं. गॉगल लावून शांतपणे ग्लास फिरवत बसला होता.

"मामा आला हुता तिचा. मला म्हणतोय, मी कोण सांग. म्हटलं मामा, तुमी हाय. म्हणतोय, मग काल कुठली तारीख हुती? मला काय म्हाईत काल कुठली तारीख हुती! चांगल्या माणसाला तरी ठावं असती व्हय?"

मी म्हटलं मी येते, त्यांना समजावते, लीगच्या लेटरहेडवर लिहून देते.

"नको मॅडम. आता तुमी लिवून दिल्यावर तर पक्कंच व्हईल."

ती मुलगी काय म्हणते विचारलं. "ती फोन उचलत न्हाई," म्हणाला. मग उठला आणि माझ्या रसाचे पण पैसे देऊन गेला.

माझा नियम बरोबर होता. त्याला त्या दिवशी काढलं नसतं तर? मी हे पाचव्यांदा स्वतःला सांगतेय.

३० जानेवारी, गुरुवार. पलूस

तीन दिवस काही करावंसं वाटत नव्हतं. पण आज बरं वाटलं. पलूसच्या प्रॅक्टिसला गेले तर काय, सगळी टीम झाडाखाली बसून माझं कार्ड म्हणतेय! एकजण विचारतोय, बाकीचे कोरसमध्ये. सगळ्यात पुढं राजवर्धन, त्यांचा स्ट्रायकर. आटपाडीकडचा. वडील कोंडीबा मेंढरं घेऊन चार-चार महिने बाहेर असतात, म्हणून घरचं सगळं हाच बघतो. पोरगा एकदम शार्प.

"झोपत उठवून इच्यारा मॅडम," म्हणाला. "गाव, हाफ, गोल, मॅच, जिंकलो. तोंडपाठ हाय. मॅचच्या आदी निस्तं गावाचं नाव बदलायचं."

इतका रिस्पॉन्स! धैर्यशीलमुळं सगळे सिरीयस झालेत बहुतेक. फोटो काढून आप्पासोंना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

२ फेब्रुवारी, रविवार. सातारा ते सांगली

खूप दमलेय. थोडक्यात लिहिते.

पलूसनं साताऱ्याला हरवलं, राजवर्धनचे दोन गोल. पहिल्या हाफमध्ये तो गोलकीपरवर आपटला, क्षणभर पडून राहिला. मी गेले तर बसून हसत होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "सातारा, पहिला हाफ, गोल मीच." सगळं बरोबर. सोडला. नंतर दुसरा गोल तर असा मारला की सातारकरांनी पण टाळ्या वाजवल्या.

मॅन ऑफ द मॅच. आप्पासोंनी स्वतः फेटा बांधला, हलगीवाले त्याला मध्ये घेऊन वाजवत होते. बिचारा फार लाजाळू. कानावर हात ठेवून उभा, फोटोत पण डोळे मिटलेले. नंतर टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागं जाऊन उलटी केली. फेटा घट्ट बसला असेल आणि उपाशी पोटी खेळतात ही पोरं. त्यांच्या डाएटवर एक सेशन घ्यायला पाहिजे.

येताना माझ्या शेजारीच बसला होता, तोंडावर टॉवेल टाकून. कराड गेल्यावर विचारलं, "कराड आलं का?" म्हटलं, गेलं की. थोड्या वेळानं परत, "मॅडम, कराड आलं का?" म्हटलं, अरे झोप, गेलं मघाशी. हसला. झोपेतच होता.

मी पण पेंगत होते.

६ फेब्रुवारी, गुरुवार. पलूस

राजवर्धन दोन दिवस प्रॅक्टिसला नव्हता. आज आला. घरी पाहुणे येणारेत, त्याच्या बहिणीला, अपेक्षाला बघायला. स्थळ चांगलं आहे, मुलगा फौजेत. आई धोंडुबाई एकटीच, त्यामुळं सगळी धावपळ ह्याच्यावर. टोपी पार डोळ्यांवर ओढलेली. सोपे पास सोडत होता. कोच ओरडला, "लगीन बहिणीचं हाय का तुझं रं?"

फॉर्म जातो असा मध्येच. सेमीफायनलला येईल परत.

धैर्यशील या रविवारपासून खेळणार. त्याच्या सगळ्या टेस्ट मी स्वतः घेतल्या, क्लिअर आहे. नवीन स्थळ बघतायत का विचारणार होते, विचारलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. मिरज, हॉस्पिटलच्या बाकावरून

सगळं नीट आठवून लिहिते.

सेमीफायनल सांगलीत, पलूस विरुद्ध लोणंद. एक-एक. पलूसचे सगळे सब वापरून संपलेले. कॉर्नर आला, राजवर्धन आणि लोणंदचा डिफेंडर एकत्र उडाले आणि डोक्याला डोकं. तो आवाज मला लाईनवर ऐकू आला. तो पडला तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरातून वाकून हवेत ताठ झाले, दोन सेकंद. मेंदूला मार बसल्याची ही खूण मी फक्त पुस्तकात बघितली होती.

मी पोचेपर्यंत तो बसला होता आणि अंगठा दाखवत होता. पब्लिक ओरडायला लागलं. मी खाली बसले. तो बोलायच्या आत मी मधलाच प्रश्न टाकला. का टाकला माहीत नाही.

"मागची मॅच कुणाशी होती?"

"सांगली," तो म्हणाला.

"जिंकलो का?"

"दुसरा हाफ."

"राजवर्धन, माझं नाव काय?"

"गोल त्येंचा, सात नंबरनं मारला."

एकापाठोपाठ एक, पाठ केलेलं, त्याच क्रमानं. माझ्याकडं बघत होता, पण माझ्या थोडं पलीकडं. आणि मला एकदम टेम्पो आठवला. कराड आलं का. फेटा, हलगी, उलटी, टोपी. एक आठवडा हा पोरगा माझ्यासमोर आजारी फिरत होता आणि मी त्याचं डाएट ठरवत होते.

"बाहेर," मी म्हटलं.

तेवढं त्याला बरोबर कळलं. माझं मनगट धरलं. "मॅडम, माईकवर सांगू नका. आज-उद्या पावणं व्हय-न्हाई कळवणार हायती. भाऊ असा हाय म्हटल्यावर अपेक्षाला कोण करंल? पाया पडतो. खेळतो मी, कायबी व्हत न्हाई, पर माईकवर सांगू नका."

कोच लाईनवरून ओरडत होता, "मॅडम, जादा सब घेतोय मी! डोक्याचं सांगा!" बाळासो सर माईक हातात धरून माझ्याकडं बघत होते. चिठ्ठीची वाट.

धैर्यशील शेजारी उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं. मला वाटतं आम्ही दोघं एकच विचार करत होतो. म्हटलं, "डोकं नाही सांगितलं तर जादा सब मिळणार नाही. दहाजणांनाच खेळावं लागेल."

"व्हय. दहा खेळतो," तो म्हणाला.

मी बाळासो सरांच्या टेबलाकडं गेले आणि म्हटलं, "मांडी. मांडीचा स्नायू."

सर चष्म्यावरून बघत राहिले. "बाळ, मी हितनं बघितलंय."

"मांडी, सर."

त्यांनी माईक तोंडाशी नेला. "परेक्षकहो, वाघाची मांडी भरून आलेली हाय... टाळ्या!" आयुष्यात पहिल्यांदा एवढंच बोलले.

राजवर्धनच्या कानात मी सांगितलं, लंगडत चल. तो डावा पाय ओढत निघाला. अर्ध्या वाटेत उजवा ओढायला लागला. पब्लिकला काही कळलं नाही. कुणीतरी ओरडलं, "गड्या, पाय मोडला तरी चालंल, ये परत!" धैर्यशीलनं त्याच्या खांद्याखाली हात घातला आणि सोडायला लाईनपर्यंत आला.

आम्ही ॲम्ब्युलन्समध्ये बसलो तेव्हा कोच मला जे बोलला ते लिहीत नाही. पलूस हरलं. फोनवर कळलं.

स्कॅनला आत नेलंय. अजून कुणी बाहेर आलेलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार. मिरज

रक्तस्राव नाही. डॉक्टर म्हणाले, पहिल्यावर दुसरा मार आहे, नशीब म्हणा. दोन दिवस इथं, मग घरी अंधारात पडून राहायचं, फोन नाही, टीव्ही नाही. खेळायचं पुढं बघू. सकाळी त्यानं मला नावानं हाक मारली. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

धोंडुबाई पहाटेच्या एस्टीनं आल्या. पोराच्या अंगावरनं हात फिरवला, मग चादर बाजूला करून दोन्ही मांड्या बघितल्या. मग माझ्याकडं.

"मांडीला लागलंय म्हणलासा, मग डोस्क्याचा फोटू का काढलाय वं?"

मी सगळं सांगितलं. साताऱ्यातल्या पहिल्या माराचं पण, माझ्या लक्षात आलं नाही ते पण. त्या ऐकत होत्या. मधेच पदरानं त्याचं तोंड पुसलं, त्याला घाम पण आला नव्हता.

"वाचंल न्हवं?"

"वाचला, मावशी. पण आता डोक्याला परत मार नको."

"मग मांडीच म्हणा," त्या म्हणाल्या. "अपेक्षाला व्हकार आलाय काल सांच्याला."

होकार ऐकून राजवर्धन झोपेत हसल्यासारखा वाटला. डोळे उघडले नाहीत. उजेड सहन होत नाही त्याला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आप्पासोंनी बोलावलं. मला वाटलं काढणार. खरं सांगते, काढलं तर झोपायला मिळेल असं पण वाटलं. त्यांना सगळं माहीत होतं, बाळासो सरांकडून किंवा अजून कुणाकडून. टेबलावरचं ट्रॅक्टरचं मॉडेल पुढं-मागं करत राहिले.

"एक सांगा. पोरगं बरं हाय?"

"आहे."

"मग माईकवरचा नियम आपण काढून टाकू. डॉक्टरकीचं डॉक्टरपाशी ऱ्हाऊ द्या."

मी म्हटलं, मग कोच परत उतरवतील. आता कोण थांबवणार?

"तुमी थांबवा की. ह्या टायमाला थांबवलासाच न्हवं? आणि जादा सबचं मी बघतो. कुठं का लागंना, मॅडम म्हणल्या बाहेर की जादा गडी. कारण विचारायचं न्हाई कुणी." मॉडेल बाजूला ठेवून, "फायनलला या. सुट्टी न्हाई."

बाहेरच्या कुठल्याही लीगमध्ये असा नियम नाही. त्यांना पाठवला तर हसतील. मला सही करायला लावली. मी केली.

१६ फेब्रुवारी, रविवार. सातारा

फायनल. लोणंद विरुद्ध कराड. मॅचच्या आधी मी बर्फ फोडत बसले होते तर लोणंदचा गोलकीपर आला. थोराड पोरगा, नाव ज्ञानू. इकडं-तिकडं बघून म्हणाला, "मॅडम, मांडी दुखायलीया."

"कुठली?"

मी वर बघितलं. तो डोळे बारीक करून उन्हाकडं पाठ करून उभा होता.

"कधीपासून?"

"बुधवारी पोस्टला धडकल्यापासनं."

"मळमळतंय?"

"व्हय."

"उजेड?"

"नको वाटतोय."

मी त्याला खुर्ची दिली, ग्लोव्ह्ज काढायला लावले. त्याच्या कोचला जाऊन सांगितलं, मांडी. कोचनं काही विचारलं नाही, फक्त तोंड वाकडं केलं. दुसरा गोलकीपर उतरला आणि लोणंद फायनल हरलं. ज्ञानू शेवटपर्यंत माझ्या छत्रीखाली बसून होता.

हाफ टाइमला कराडचा एक आला. त्याची पण मांडी. त्याला विचारल्यावर कळलं, डोकं दुखतंय, सीझनच्या सुरुवातीपासून.

संध्याकाळी आप्पासो स्टेजवर म्हणाले, शेवटच्या दोन आठवड्यात डोक्याची एक पण दुखापत नाही, सेफ्टी मॅडमचं कौतुक. मी उठून नमस्कार केला. पाय इतके दुखत होते की परत बसताना खुर्ची धरावी लागली.

१९ फेब्रुवारी, बुधवार. पलूस

सामान परत करायला गेले होते. स्ट्रेचर इथल्या शाळेतून आणलं होतं, ते. धैर्यशील एकटाच ग्राउंडवर नेट सोडत होता. मी दुसरं टोक धरलं. राजवर्धनची चौकशी केली. बरा आहे म्हणाला, लग्नाची तारीख धरलीय, त्याला अजून डीजेजवळ उभं राहवणार नाही म्हणून घरच्यांनी बँड सांगितलाय. मग कोण कोण पुढच्या सीझनला राहणार ते बोललो. मग ज्ञानूचं. तो हसला, "मांडीची लयच साथ आली म्हणायची."

नेटची घडी घालून झाली. त्यानं ती दोरीनं बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली.

"मॅडम, एक इच्यारू? माझ्या टायमाला का न्हाई सुचलं हे?"

उत्तरासाठी तो थांबला नाही. नेट खांद्यावर टाकून शेडकडं निघाला, आणि मी स्ट्रेचर उचललं.